सँ-शेली-दोब्राक: फ्रान्समधल्या एका डोंगरी गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची साताऱ्याची, नोकरीनिमित्त दक्षिण फ्रान्समधल्या रोदेझला राहते. सुट्टी मिळाली की पाय ओब्राकच्या पठाराकडे वळतात, आणि मुक्काम बहुतेक वेळा सँ-शेलीत असतो. तिथले फोटो पाहून ओळखीचे, नातेवाईक आणि त्यांचे ओळखीचे सतत काही ना काही विचारत असतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. हे गाव नेमकं कुठे आहे? नाव कसं उच्चारायचं? ओब्राक आणि सँ-शेली एकच का?

फ्रान्सच्या दक्षिण भागात आव्हेरों नावाचा जिल्हा आहे. त्याच्या ईशान्य टोकाला, बोराल्द नावाच्या ओढ्याच्या खोऱ्यात, साधारण ८०० मीटर उंचीवर सँ-शेली वसलं आहे. दोब्राक म्हणजे ‘ओब्राकचं’. ओब्राक हे वरच्या पठाराचं नाव आणि पठारावरच्या एका वस्तीचंही नाव, म्हणून घोळ होतो. ही वस्ती सँ-शेलीच्याच हद्दीत येते, पण आठेक किलोमीटर लांब आणि जवळजवळ ५०० मीटर वर. सगळं मिळून लोकसंख्या पाचशेच्या आसपास. शेजारचं मोठं गाव लायोल. त्याच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ग’ दिसतो, तो तिथली माणसं उच्चारत नाहीत.

२. “अगदी आपल्या सह्याद्रीसारखं” असं तुम्ही म्हणता. घरच्या आठवणीमुळे तसं वाटतं की खरंच तसं आहे?

खरंच तसं आहे, कारण दगड तोच आहे. ओब्राकचं पठार बेसाल्टचं, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या आपल्याच काळ्या कातळाचं. फरक वयाचा. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, ओब्राकचा साधारण ६० ते ९० लाख वर्षांपूर्वीचा. पठारावरच्या नास्बिनाल या गावाजवळ देरोकचा धबधबा आहे. तिथे पाणी ज्या कड्यावरून पडतं, त्याच्या पोटात बेसाल्टचे उभे खांब एकमेकांना चिकटून उभे आहेत. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिलेल्या माणसाला ते लगेच ओळखू येतील.

साम्य तिथेच संपतं. सह्याद्रीला पावसाने चिरून कडे, सुळके, घळी केल्या. ओब्राकवरून हिमयुगात बर्फाची जाड चादर सरकत गेली आणि सगळं घासून गोलसर झालं. त्यामुळे नजर जाईल तिथवर गवताच्या मंद लाटा, मध्येच हिमनदीने आणून टाकलेले ग्रॅनाइटचे धोंडे, आणि कुरणांच्या सीमांवर रचलेले चुन्या-मातीशिवायचे दगडी बांध. झाड बीचचं, तेही पठाराच्या कडेला आणि उतारांवर. पठाराचा माथा हजार ते चौदाशे मीटरांवर आहे आणि सर्वांत उंच जागा १,४६९ मीटरची. तिथे उभं राहिलं की गवत आणि आभाळ याखेरीज काहीच नसतं. पहिल्यांदा गेले तेव्हा मला भीती वाटली होती. आता शहरात असले की त्याच मोकळेपणाची आठवण येते.

३. फुलं कधी असतात?

मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये. आधी पिवळे डॅफोडिल, मग पांढरे नार्सिसस. नार्सिसस दाताळ्यासारख्या फण्यांनी खुडून ग्रास या अत्तरांच्या गावी पाठवतात. पुढे उन्हाळ्यात पिवळं जेंशियन उभं राहतं. बीचच्या सावलीत एक गुलाबी फुलाची, पुदिन्यासारखा वास असलेली वनस्पती सापडते. तिचा काढा ‘ओब्राकचा चहा’ म्हणून पितात. त्यात चहाची पत्ती नसते, दूध घालू नका.

४. घरं इतकी दणकट आणि गंभीर का दिसतात?

थंडीमुळे. भिंती बेसाल्टच्या, हातभर जाड. दारा-खिडक्यांच्या चौकटी बहुधा ग्रॅनाइटच्या, कारण बेसाल्ट घडवायला फार कठीण. छपराला ‘लोझ’ म्हणतात तसल्या दगडी चिपा, माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक. छपराचं वजन प्रचंड, म्हणून आतली लाकडी कैची पाहण्यासारखी असते. खिडक्या लहान, आणि वाऱ्याच्या बाजूला शक्यतो नाहीतच.

५. दुपारी गावात गेलो तर चिटपाखरू नव्हतं. गाव ओस पडलंय का?

नाही, तुम्ही जेवणाच्या वेळी गेलात. बारा ते दोन सगळं बंद असतं: दुकान, पोस्ट, ग्रामपंचायत. सोमवारीही बरंच काही बंद. बेकरी सकाळी लवकर उघडते आणि गावाची खरी नाडी तिथेच कळते. आत शिरल्यावर आधी सगळ्यांना उद्देशून ‘बोंजूर’ म्हणायचं, मग काय हवं ते सांगायचं. आपल्याकडे ओळख नसताना हसून काम भागतं. इथे हा शब्द गाळला तर तो उद्धटपणा समजतात. चर्चची घंटा तास देते, आणि इथल्या बऱ्याच गावांत थोड्या वेळाने तेच टोले पुन्हा पडतात. शेतात असलेल्या माणसाची मोजणी चुकली तर त्याला दुसरी संधी.

काही घरांच्या खिडक्या मात्र खरंच वर्षातले बरेच महिने बंद असतात. त्याचं कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

६. एवढ्याशा गावाला सरपंच, ग्रामपंचायत वगैरे असते का?

असते. फ्रान्समध्ये गावाच्या किंवा शहराच्या स्थानिक कारभाराच्या घटकाला ‘कम्यून’ म्हणतात. असे सुमारे ३५,००० कम्यून आहेत आणि त्यांतले बहुसंख्य असेच छोटे. प्रत्येकाचं निवडून आलेलं मंडळ असतं आणि ते आपल्यातून ‘मेर’, म्हणजे सरपंच, निवडतं. मेरचं कार्यालय ते ‘मेरी’. जन्म-मृत्यूची नोंद, लग्न लावणं, बांधकामाची परवानगी, रस्त्यावरचा बर्फ हटवणं, सगळं तिथूनच चालतं. एक गोष्ट ऐकून आपल्या लोकांना नवल वाटतं: गावचं जुनं चर्चही कम्यूनच्या मालकीचं असतं. १९०५ च्या कायद्याने धर्म आणि शासन वेगळे झाले, तेव्हापासून इमारत कम्यूनची आणि आतली उपासना धर्मसंस्थेची. छप्पर गळलं तर चिंता मेरला.

गावात पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारकही असतं. ११ नोव्हेंबरला तिथे नावं वाचतात. एकाच आडनावाची दोन-तीन नावं ओळीने येतात, तेव्हा एखादं घर कसं रिकामं झालं असेल हे कळतं.

७. तरुण माणसं गेली कुठे?

पॅरिसला. आणि ही गोष्ट कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात पठारावर माणसं जास्त आणि जमीन थोडी. हिवाळ्यात काम नाही. धाकटे मुलगे पॅरिसला जाऊन घरोघर पाणी वाहू लागले, जिने चढून वरच्या मजल्यांपर्यंत. पुढे नळ आले, तेव्हा ते कोळसा विकू लागले. कोळशाच्या वखारीतच एका कोपऱ्यात बायको वाइनचे पेले भरून द्यायची. त्या कोपऱ्यांचे हळूहळू कॅफे झाले. अशा दुकानदाराला पॅरिसमध्ये ‘बुन्या’ म्हणत. पॅरिसमधलं विख्यात उपाहारगृह ‘ब्रासरी लिप’ १९२० मध्ये ज्यांनी विकत घेतलं, ते मार्सेलँ काझ लायोलकडचेच.

१८८२ मध्ये लुई बॉने यांनी या लोकांसाठी पॅरिसमध्ये एक वर्तमानपत्र काढलं. गावाकडच्या बातम्या, लग्नं, मयती, कुठे कॅफे विकायचा आहे, असं सगळं त्यात असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनीच सवलतीच्या दरात गावाकडे जाणाऱ्या खास गाड्या सुरू केल्या. लोक त्यांना ‘बॉनेच्या गाड्या’ म्हणत. गणपतीला सुटणाऱ्या कोकणच्या जादा गाड्या डोळ्यांपुढे आणा, चित्र तेच. काही जण आणखी लांब गेले. १८८४ मध्ये आव्हेरोंमधल्या सुमारे चाळीस कुटुंबांनी अर्जेंटिनात पिग्वे हे गाव वसवलं.

त्या चाकरमान्यांची नातवंडं-पतवंडं ऑगस्टमध्ये येतात. तेव्हा बंद खिडक्या उघडतात, गाव भरतं, लांब टेबलं मांडून एकत्र जेवणं होतात. मला विचाराल तर हे गाव टिकलं त्याचं निम्मं श्रेय गेलेल्यांना आहे. त्यांनी घरं विकली नाहीत, छपरं गळू दिली नाहीत. उरलेलं श्रेय गुरं राखणाऱ्यांचं आणि वाटसरूंना वाढणाऱ्यांचं. त्यांच्याबद्दल पुढे येतंच आहे.

८. गायी सजवून डोंगरावर नेतात तो सोहळा कधी असतो?

२५ मेच्या, म्हणजे सेंट उर्बांच्या दिवसाच्या, सर्वांत जवळच्या शनिवार-रविवारी. आसपासच्या खोऱ्यांतले कळप हिवाळाभर गोठ्यात असतात. त्या दिवशी ते पायी पठारावर चढतात आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वरच राहतात. मोठी गर्दी ओब्राक वस्तीत होते.

पोळ्याची सवय असलेल्या डोळ्यांना हा सोहळा परका वाटत नाही. शिंगांवर कागदी फुलं, हिरव्या डहाळ्या, छोटे झेंडे. गळ्यात रुंद पट्ट्याची भली मोठी घंटा. ओब्राकची गाय बदामी रंगाची, शिंगं वीणेसारखी वर वळलेली आणि टोकाला काळी, नाकपुड्यांभोवती पांढरी कड, आणि डोळ्यांना खरोखर कुणी काजळ घातल्यासारखी काळी रेघ. कळप दिसण्याआधी ऐकू येतो. धुक्यातून शेकडो घंटांचा एकच घोष वर येत राहतो, मग पहिली शिंगं दिसतात. रस्त्याच्या कडेला मागे सरून उभे राहा. त्या दिवशी वाट त्यांची असते.

९. कुरणात एकट्या उभ्या दगडी झोपड्या दिसतात, त्या कसल्या?

त्या ‘ब्युरों’. उन्हाळ्यात गुरांबरोबर वर राहणाऱ्या गड्यांचं घर आणि चीज करण्याची जागा. एक बाजू उतारात गाडलेली, कारण मागची खोली गार हवी, तिथे चीज मुरायचं. बायका-मुलं खाली गावात. वर फक्त चार-पाच पुरुष, मेअखेर ते ऑक्टोबर. त्यांच्यात उतरंड ठरलेली: चीज करणारा मुख्य तो कांतालेस, मग गुराखी पास्त्र, वासरं सांभाळणारा बेदेलिये, आणि सगळी पडेल ती कामं करणारा पोरगा, रूल.

यातला बेदेलिये मला सर्वांत जवळचा वाटतो. ओब्राकची गाय वासरू लावल्याशिवाय पान्हा सोडत नाही. मराठी शेतकऱ्याला यात नवीन काही नाही, पण युरोपात फार थोड्या जाती अशा उरल्या आहेत. म्हणून बेदेलिये एकेका गायीला नावाने हाक मारायचा, तिचंच वासरू कोंडवाड्यातून सोडायचा. वासरू लुचलं, पान्हा आला, की त्याला ओढून आईच्या पुढच्या पायाला बांधायचं आणि दूध काढणारा कमरेला बांधलेल्या एकाच पायाच्या स्टुलावर बसायचा. दूध लाकडी पिंपात जमा करून दोघं जण दांडीला अडकवून ब्युरोंकडे आणत. दिवसातून दोनदा, रोज.

आता ब्युरोंमधली ही पद्धत संपली आहे. बऱ्याच पडक्या आहेत, काही खानावळी झाल्या. चीज मात्र वाचलं, कारण १९६० मध्ये लायोलच्या तरुण शेतकऱ्यांनी सहकारी संस्था उभी केली. त्यांनी कच्च्या दुधाची जुनी रीत सोडली नाही आणि पुढच्याच वर्षी ‘लायोल चीज’ या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. सहकाराची ताकद आपण साखर आणि दुधात पाहिली आहे, तेव्हा हे वाचून बरं वाटेल.

१०. ज्या गायी सजवून मिरवतात, त्याच पुढे कत्तलीला जातात का?

हो. हा प्रश्न लोक चाचरत विचारतात, म्हणून सरळ उत्तर देते. ट्रॅक्टर येण्याआधी हे जनावर दुधाला, ओढकामाला आणि मांसाला असं तिन्ही कामांचं होतं. आज ओब्राक जात मुख्यतः मांसासाठी पाळतात, आणि सहकारी संस्थेचं पुष्कळसं दूध दुसऱ्या जातीच्या गायींचं असतं. १९७० च्या दशकात ही जात नामशेष व्हायच्या बेतात होती. मांसाला बाजार मिळाला म्हणूनच ती आज कुरणावर दिसते. शेतकऱ्याला आपल्या गायींची नावं, त्यांच्या आया-आज्या तोंडपाठ असतात आणि तोच त्यांना विकतो. आपल्या मनाला हे पटेलच असं नाही. मलाही सगळं पटत नाही. पण त्या माणसाचं गायीवरचं प्रेम खोटं आहे असं मी म्हणणार नाही.

११. इथून जाणारी पायवाट म्हणजे आपल्या वारीसारखं काही आहे का?

ल पुई या गावाहून निघून स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी ही यात्रावाट आहे, एकूण सुमारे १,५०० किलोमीटर. ल पुईचा बिशप गोदेस्काल ९५०-५१ मध्ये तिकडे गेल्याची नोंद आहे. नास्बिनाल ते सँ-शेली हा वाटेचा तुकडा आणि सँ-शेलीचा जुना पूल १९९८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. पुलावर एक दगडी क्रूस आहे. त्याच्या पायथ्याशी झगा पांघरलेला, हातात काठी घेतलेला एक इवलासा यात्रेकरू कोरला आहे. झिजून त्याचं नाक-डोळे गेले, काठी अजून स्पष्ट दिसते.

वारीशी साम्य चालण्याचं आणि वाढणाऱ्या हातांचं. फरक मोठा आहे: इथे दिंडी नाही, ठरलेली तिथी नाही, अभंग नाही. एप्रिल ते ऑक्टोबर माणसं एकेकटी किंवा दोघं-तिघं चालतात. मुक्कामाच्या घराला ‘जीत’ म्हणतात आणि यात्रेच्या वहीवर तिथे शिक्का मिळतो. रात्री सातच्या सुमारास सगळे एका टेबलावर जेवतात. श्रद्धा विचारत नाहीत. मे, जून आणि सप्टेंबरमध्ये जागा आधी सांगून ठेवा, आणि येणार नसाल तर फोन करून कळवा, कारण तुमच्यासाठी स्वयंपाक झालेला असतो.

१२. “हरवलेल्यांची घंटा” ही दंतकथा आहे का?

घंटा खरी आहे. ११२० च्या सुमारास आदालार नावाच्या फ्लँडर्सच्या सरदाराने ओब्राकला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा आणि मठ स्थापन केला. तो इथे दरोडेखोरांच्या आणि हिमवादळाच्या तावडीतून वाचला म्हणून त्याने नवस फेडला, हा भाग दंतकथेत धरा. धुक्यात आणि बर्फात तिथले साधू घंटा वाजवत राहायचे, म्हणजे वाट चुकलेला आवाजाच्या रोखाने येईल. घंटेवर लॅटिनमध्ये लिहिलं होतं: एरांतेस रेवोका, ‘भटकलेल्यांना परत बोलाव’. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बंद झाला. आज चर्च आणि चौदाव्या शतकातला एक बुरूज अजून उभे आहेत.

हिवाळ्यात इथे ‘एसीर’ नावाचा वारा बर्फ उडवत नेतो. पडलेलं बर्फच उचलून फेकतो, त्यामुळे आभाळ निरभ्र असूनही समोरचं दिसत नाही. नोव्हेंबर ते मार्च पठार ओलांडायचं असेल तर गावात विचारूनच निघा.

१३. मी शाकाहारी आहे. उपाशी राहावं लागेल का?

नाही, पण आधी कळवायला हवं. इथला मुख्य पदार्थ अलिगो: उकडून घोटलेले बटाटे, त्यात लोणी, साय, थोडा लसूण आणि ‘तोम’ नावाचं कालपरवाचं, न मुरलेलं चीज. किलोभर बटाट्याला चारशे ग्रॅमच्या आसपास चीज. मंद आचेवर लाकडी कालथ्याने एकाच दिशेने ओढत राहायचं, म्हणजे हातभर लांब, चकचकीत तार निघते. तार तुटली तर चीज कमी पडलं किंवा आच चुकली. कढईतून ताटात वाढताना तार कात्रीने कापतात हेही मी पाहिलं आहे.

अडचण बारीक आहे: पारंपरिक चीज विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. ते चालत नसेल तर अलिगोही चालणार नाही. मग ल पुईच्या हिरव्या मसुरा, भाज्या, पाव, अंडं खात असाल तर ऑम्लेट. अलिगोबरोबर बहुधा सॉसेज येतं. ‘सां व्हियांद’, म्हणजे मांसाशिवाय, असं मागितलं की नुसतं अलिगो मिळतं.

१४. लायोलचा चाकू आणावा का?

आणा, पण कुठे बनला ते विचारून. हा आकार १८२९ च्या सुमारास लायोलला घडला. पुढे त्यात एक टोकदार सळई आली, पोट फुगलेल्या गायीला टोचून वायू मोकळा करायला. १८८० मध्ये बूच उघडायचा स्क्रू आला, तो पॅरिसच्या कॅफेवाल्यांसाठी (प्रश्न ७). त्या गावाच्या नावाने बाहेर बनलेले कितीतरी चाकू विकले जातात. विमानात केबिन बॅगेत ठेवू नका.

१५. कुरणातून चालताना काय पाळायचं?

फाटक जसं असेल तसं मागे ठेवायचं. बंद होतं तर बंद. पातळ पांढरी पट्टी दिसली तर ती विजेची तार असते. वासरू असलेल्या गायीच्या आणि वासराच्या मधून कधीच जायचं नाही, सेल्फी तर नाहीच. उंच गवतातून आल्यावर पोटऱ्या, गुडघ्यामागची बाजू गोचिडांसाठी तपासा. त्यांतून लाइमचा आजार होतो. शरद ऋतूत शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा भडक रंगाचे कपडे घाला.

१६. जंगलात आपसूक उगवलेली अळंबी तरी काढता येतील ना?

विचारल्याशिवाय नाही. फ्रेंच कायद्याने अळंबी जमीनमालकाची. ‘सेप’ नावाच्या अळंबीवरून गावात भांडणं होतात. जागा तर माणसं मुलांनाही सांगत नाहीत.

१७. तिथे पोचायचं कसं?

गाडी भाड्याने घेणं सर्वांत सोपं. नाहीतर रेल्वेने रोदेझला किंवा पठारापलीकडच्या ओमों-ओब्राकला उतरा. ओमोंहून यात्रावाटेनेच दोन-तीन दिवसांत चालत सँ-शेली गाठता येतं आणि मी तेच सुचवेन. बस फार कमी आहेत, रविवारी तर त्यांच्या भरवशावर राहूच नका. भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो.

१८. तिथे जुनं घर घेता येईल का? भारतीय पासपोर्टवर?

येईल. परदेशी माणसाला घर घ्यायला फ्रान्समध्ये बंदी नाही. पण घर घेतलं म्हणून राहण्याचा परवाना मिळत नाही. पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस, तेवढेच. व्यवहार नोटेअर या सरकारमान्य कायदेशीर अधिकाऱ्याकडे होतो आणि जुन्या घराला किमतीच्या सात-आठ टक्के वरखर्च धरा. राहत्या घरावरचा निवासी कर २०२३ पासून रद्द झाला, दुसऱ्या घरावर तो अजून आहे.

सौदा करण्याआधी दोन गोष्टी करा. एक, लोझच्या छपराचं काम करणाऱ्या कारागिराला वर चढवून दाखवा, कारण ते बदलणं घराच्या किमतीइतकं महाग पडू शकतं. दुसरं, फेब्रुवारीत एक आठवडा गावात राहून पाहा. घर दाखवणारे बहुधा जूनमध्येच बोलावतात.